हळद नसताना नाच

त्या सिनेमातल्या बापाचा मला अजून राग आहे.

सिनेमा बघितला कसा तेही सांगतो. कॅम्प तीन म्हणतात त्या वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्यात मी चेकिंगला आहे. शिवून आलेली पँट उलटी करायची, उरलेले धागे कापायचे, शिलाई सुटली असेल तिथे खडूची खूण करायची, की घे पुढची पँट. शुक्रवारी दुपारी लाईट जाते. मशिनं बंद पडली की कारागीर चहाला खाली उतरतात, नाहीतर मालाच्या गठ्ठ्यांवर आडवे होतात. मी गठ्ठ्याला पाठ लावून मोबाईल बघत बसतो. अशाच एका शुक्रवारी हा सिनेमा पुढे आला. मारामारीचा असेल म्हणून लावला. निघालं भलतंच.

कुठल्यातरी थंड देशातलं गाव. बाप कारखान्यात राबणारा, आई लोकांच्या चादरी धुणारी. पोरगा धुतलेल्या चादरी पोचवायला एका हॉलवर जातो, दार अर्धं उघडं असतं, आत मुली भिंतीच्या दांडीला धरून पाय उचलत असतात. बॅले. पोरगा दारातच उभा राहतो, चादरी हातात तशाच. मग तो चोरून शिकतो, बाप चिडतो, घरात राडा होतो, जे व्हायचं ते सगळं होतं. शेवटी बाप कोट घालून, तिकीट काढून पोराचा नाच बघायला येतो, पहिल्या रांगेत बसतो आणि ढसाढसा रडतो.

मीपण रडलो. हातातल्या पँटला डोळे पुसले आणि कोऱ्या जीन्सचा निळा रंग तोंडभर लागला. शेठ बोलला, "क्या रे, होली खेल के आया क्या?" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

पण त्या पोराने पहिल्यांदा दोन्ही हात उचलून पायाच्या बोटांवर उभं राहायचा प्रयत्न केला ना, तेव्हा बसल्या जागी माझ्याही टाचा उचलल्या गेल्या होत्या. ते घरी जाईपर्यंत थांबलं नाही. चोवीस वर्षांचा घोडा मी, आणि रिक्षात तीन माणसांच्या मधे बसून चपलेच्या आत बोटं ताणून बघत होतो.

आता आमच्या बाबाचं सांगायला पाहिजे. सिनेमातल्या बापाला नाच म्हणजे पोरींचं काम वाटायचं. आमच्या सोनिवलीत ती भानगडच नाही. हळद असो, साखरपुडा असो, गणपती असो, आमच्याकडे पुरुष आधी नाचतात. न नाचणाऱ्या पोराची घरचे काळजी करतात, की याला झालंय तरी काय. आणि आख्ख्या गावात आमच्या बाबासारखा हळदीला नाचणारा नव्हता. बेंजोवाला काका मांडवात बसल्यावर आधी विचारायचा, बाबा आला का? बाबा दिसल्याशिवाय त्याचा हात चालायचा नाही. लहानपणी मी बाबाच्या खांद्यावर बसून नाचलोय. खाली त्याचं अंग हलायचं आणि वर मी हलायचो, मला वेगळं काही करावंच लागायचं नाही.

मग त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, काठी आली. त्यानंतरच्या पहिल्या हळदीला लोकांनी मानाने त्याला खुर्ची दिली. तो बसला, जेवला, आणि पुढच्या हळदीपासून जायचाच बंद झाला. मी म्हटलं, चल ना, सगळे विचारतात. तर म्हणे, "खुर्चीवरच बसायचं तं बिल्डरची हाय की हितं."

बिल्डरची खुर्ची म्हणजे वॉचमनची. आमच्या शेतावर टॉवर उभा राहिला, त्याच्या गेटवर बाबा बसतो. चौथ्या माळ्यावर सॅम्पल फ्लॅट आहे, त्याची चावी बाबाकडे असते. बघायला येणाऱ्या लोकांना भुलवायला सजवून ठेवलाय. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, नळाला पाणी नाही. आणि खोली मोठी दिसावी म्हणून हॉलची एक भिंत अख्खी आरशाची. बाबाच्या हिशोबाने त्या हॉलच्या बरोबर खाली आमचं खळं होतं. भाताची झोडणी झाली की तिथेच बायाबापडे नाचायचे, असं तो गिऱ्हाईकांनाही सांगतो. त्यांना त्यात काही घेणं नसतं.

तर दर शुक्रवारी लाईट गेली की मी कॅम्प तीनहून निघायचो आणि वर वाऱ्याला जरा पडतो असं बाबाला सांगून, त्याच्या खुर्चीमागच्या खिळ्यावरची चावी उचलून वर जायचो. खिडकीचा कठडा हीच माझी दांडी. मोबाईल सोफ्याला टेकवून ठेवायचा, त्यात एक परदेशी बाई सांगायची तसं करायचं. टाचा जोडा, पावलं बाहेर वळवा, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि आता हळूच गुडघे दुमडा. एवढंच. एवढ्यातच घामाच्या धारा लागायच्या. आरशात दिसायचा धागे कापणारा एक काळा पोरगा, मागे प्लास्टिकची सफरचंदं. पण कधीतरी, एखाद्या वेळी, हात असा काही जायचा की माझा मलाच तो ओळखू यायचा नाही. त्या एका क्षणासाठी मी आठवडाभर पँटी उलट्या करायचो.

आणि ते बघायला कोणी नव्हतं. तुम्हाला सांगतो, चांगलं काही जमलं आणि खोलीत कोणीच नसलं ना, की जाम एकटं वाटतं. जमलं नसतं तर बरं, असं वाटतं. मित्रांना दाखवायची सोय नव्हती, त्यांनी व्हिडिओ काढून गावभर फिरवला असता. मला एकाच माणसाने बघायला हवं होतं. नाचातलं ज्याला कळतं असा मला माहीत असलेला एकच माणूस, आणि तो खाली गेटवर बसलेला.

बाबाला कळलं ते मात्र वेगळ्याच तऱ्हेने. एका शुक्रवारी अवचित गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि बिल्डरचा टायवाला पोरगा. गिऱ्हाईक आलं की जनरेटर लावून लिफ्ट चालू करतात, ते सगळे लिफ्टने वर आले, बाबाही. दार उघडलं तेव्हा माझा एक पाय कठड्यावर होता आणि दोन्ही हात हवेत. टायवाला पोरगा बाबाकडे बघायला लागला. मग बाबाच बोलला, "पोरगा हाय माजा. पंखं पुसतोय."

पंखा माझ्यापासून दहा हात लांब होता. ती बाई हसू दाबत स्वयंपाकघर बघायला गेली.

संध्याकाळी घरी भाकरी मोडताना बाबाने विचारलं, "कोनाची हलद व्हती रं?"

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. लपवणार कोणापासून? मी सगळं सांगितलं. सिनेमा, तो पोरगा, ती परदेशी बाई. शेवटी बोललो, "बाबा, तू एकदा वर ये. फक्त बघ. चांगलं नाही वाटलं तर सोडून देतो."

हातातला घास त्याने आधी संपवला. मग म्हणे, "बँड न्हाय, मांडव न्हाय, मानसं न्हाय. एकला नाचतो त्याला येडा बोलतात."

"सिनेमातला बाप आला होता बघायला."

"त्याचं गुडघं धड असतील. चार माळं चढवतील काय माज्याच्यानं?"

"लिफ्ट—"

"लिफ्ट गिऱ्हाइकासाठी हाय."

मी ताटावरून उठलो. चुकलं माझं, पण उठलो. त्याला ते वेडं वाटलं याचं मला एवढं काही नाही वाटलं. पण बघितल्याशिवाय? सिनेमातला बाप निदान शिव्या तरी देत होता, अंगावर धावून येत होता. हा नुसता गुडघ्याचं कारण सांगून मोकळा.

त्यानंतर मी कधी म्हटलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. चावी मात्र शुक्रवारी खिळ्यावर असायची. कोणी विचारलं तर पोरगा वर पंखे पुसतोय हे उत्तर ठरलेलं. त्या फ्लॅटमधले पंखे इतके स्वच्छ असायला हवे होते की त्यात तोंड दिसावं.

मधे चुलत भावाची हळद झाली. बाबा आला नाही, मी गेलो. पोरांनी ओढून मधे घेतलं. बेंजो वाजत होता, तोच ठेका, ज्याच्यावर मी बाबाच्या खांद्यावर बसून नाचलो होतो. आणि माझं अंग ऐकेना. कंबर हलायची तिथे पाठ ताठ व्हायची, पावलं बाहेर वळायची. "पाठीत सळई घातलीस काय रे?" एक जण बोलला. दोन गाणी झाल्यावर मी पाणी प्यायच्या निमित्ताने मांडवाबाहेर आलो आणि पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. बॅलेत मी कोणी नव्हतो. आता इथलाही राहिलो नव्हतो. आतून सगळ्यांचा मिळून एकच आवाज येत होता आणि मला बाबाचं म्हणणं पटत होतं, त्याचाच जास्त राग येत होता.

मग एका बुधवारी असं झालं, की धुलाईच्या कारखान्याला पाणी नव्हतं, शिवलेला माल ते घेईनात. शेठने जेवणाआधीच सोडलं. मी सोनिवलीला उतरलो तर गेटवर खुर्ची रिकामी. काठी नाही, खिळ्यावर चावी नाही. मला वाटलं पडला कुठेतरी. लिफ्ट बंद होती, म्हणून जिना धरला. तिसऱ्या माळ्यावर पायरीला त्याचा रुमाल पडलेला. दम खायला बसला असणार तिथे.

सॅम्पल फ्लॅटचं दार अर्धं उघडं होतं. बाहेर त्याच्या चपला.

आत बाबा नाचत होता. काठी सोफ्याला लावलेली, एक हात खिडकीच्या कठड्यावर, तोंड आरशाकडे. गाणं नाही, काही नाही. बेंजोची चाल तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. हळदीचा तोच नाच, दोन पावलं पुढे, गिरकी, मग खाली वाकून वर. गिरकी जेवढी जमेल तेवढीच. वाकायची जागा आली की गुडघा दुमडेना, मग तो तेवढा ठोका नुसता उभा राहायचा, जाऊ द्यायचा आणि पुढच्याला बरोबर धरायचा. हळदीत नाचताना त्याच्या तोंडावर हसू असायचं. इथे नव्हतं. आरशात तो स्वतःकडे नाही, मागे बघत होता, कोणी आलंय का असा. मागे प्लास्टिकची सफरचंदं होती.

मी दारामागे, फटीपाशी सरकलो. आत जावं असं फार वाटलं. सिनेमात गेला असता पोरगा, दोघं नाचले असते, खाली नावं आली असती. पण मी गेलो असतो तर तो थांबला असता. मला माहीत होतं, कारण मीही थांबलो असतो. एवढे दिवस मला वाटत होतं त्याने मला बघावं. तो कोणाला बोलला नव्हता, पण त्यालाही कोणीतरी बघायला हवं होतं. मी बघितलं. पूर्ण एक फेरी होईपर्यंत बघितलं. मग चपला न वाजवता चार माळे उतरलो आणि गेटवर त्याच्या खुर्चीत बसलो, म्हणजे कोणी वर जायला नको.

थोड्या वेळाने स्कूटरवरून बेंजोवाला काका आला. थांबता थांबताच खिशातून नातीच्या लग्नाची पत्रिका काढली.

"बाबा कुठंय तुजा?"

वर पंखे पुसतोय, हे तोंडात आलंच होतं.

"वर आहे," मी बोललो. "नाचतोय."

काकाने स्कूटर बंद केली. चौथ्या माळ्याकडे बघितलं.

"कोनाची हलद हाय?"

"कोणाचीच नाही," मी बोललो. "एकटाच नाचतोय."

काका स्कूटरवरून उतरला. पत्रिका खिशात परत ठेवली आणि माझ्या बाजूला पायरीवर बसला. बाबा खाली येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.