बंडूजींच्या वाट्याचं ऊन

हिंगणघाटच्या बाजारात बंडूजींचं कापडाचं दुकान आहे आणि उन्हाशी त्यांचं जन्माचं वैर आहे. डिसेंबरातही डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकूनच ते घराबाहेर पडतात. त्यामुळे डॉक्टरांनी 'ड जीवनसत्त्व फार कमी आहे, रोज उन्हात बसा, नाहीतर इंजेक्शनं द्यावी लागतील' असं सांगितल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उन्हापेक्षा जास्त ते एकाच गोष्टीला भीत, ती म्हणजे सुई.

मार्ग काढला पुतणी आचलनं. ती सिंदी मेघेला घरच्या खोलीत धिंगरीची, म्हणजे औषधी मशरूमची लागवड करते.

"काका, सावलीत ठेवली तं धिंगरी नुसती वाळते. उन्हात, छत्रीखालची झालरीची बाजू वर करून वाळवली तं तिच्यातलं एक द्रव्य बदलून ड जीवनसत्त्व होते."

"म्हणजे माह्या वाट्याचं ऊन ते खाईन, अन् मी तिले खाईन," बंडूजी खूश होऊन म्हणाले.

गच्चीवर ताटं मांडली गेली. पहिल्याच दिवशी वानरांनी निम्मी धिंगरी पळवली. "तुमचं औषध, तुम्हीच राखा," असं म्हणून देवकाबाईंनी नवऱ्याच्या हाती काठी दिली. पाण्याच्या टाकीच्या सावलीतून वानरं दिसेनात, म्हणून बंडूजी ताटाजवळ सरकले. मग डोक्याचा दुपट्टा सोडून तोच गरागरा फिरवू लागले, बाह्या सारल्या. मधूनमधून लेकरासारखी एकेक चकती उलटून पाहत.

रात्री ताटात रस्सा येई.

"हे सोयाबीनच्या वडीसारखं काऊन लागते?"

"वाळल्यावर बदलते म्हणे," देवकाबाई पोळी वाढत म्हणत.

पुढच्या तपासणीत जीवनसत्त्व चांगलं वर आलं. "मी उन्हात बसलोच नाई, डॉक्टरसाहेब. सगळं धिंगरीनं केलं," बंडूजींनी ऐटीत सांगितलं. डॉक्टर त्यांच्या रापलेल्या कपाळाकडे बघत राहिले.

घरी येताच बंडूजींनी आणखी धिंगरी मागवायला फोन काढला. आता मात्र देवकाबाईंना राहवेना.

"मागवू नका. मटणासारखा वास येते त्याले. माह्या चुलीवर ते चढलंच नाई. तुम्ही खाल्ली ते सोयाबीनची वडीच होती."

"मंग धिंगरी?"

"तुम्ही दुकानात गेले का मी वानरायले टाकत होती."

बंडूजींना भयंकर राग आला. ज्या वानरांच्या मागे महिनाभर काठी घेऊन धावलो, तीच वानरं धिंगरी खाऊन ठणठणीत झाली होती. पण सुई टळली होती, आणि ती कशानं टळली हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

सकाळी देवकाबाईंनी वाळत घालायच्या मुगाच्या वड्यांचं सुपडं समोर धरलं. "वानरं येतात. बसता का जरा?"

बंडूजींनी सुपडं घेतलं, दुपट्टा खुंटीला अडकवला आणि मुकाट्यानं गच्चीचा जिना चढले.