दुमडलेलं टोक

दुपारची जेवणं उरकलीत, गल्लीत कुणाच्या तरी कुकरची उशिराची शिट्टी होतेय, आणि डॉक्टर ज्योत्स्ना आलासे पलंगावर डोळे मिटून पडल्यात. झोपल्यात असं म्हणायचं धाडस कुणी करू नये. इचलकरंजीत कापडाच्या मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. इथल्या माणसाला तो ऐकू आला की झोप लागते आणि थांबला की जाग येते. बाईंचं तसं नाही. माग चालू असोत नाहीतर बंद, त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. कोरोना येऊन गेला, लोकांनी मास्क कुठं टाकले तेही आता आठवत नाही, लग्नं पुन्हा दणक्यात लागतात. बाई मात्र अजून ड्यूटीवरच आहेत.

म्हणजे असं, की समोर कुणीही आलं तरी त्यांची नजर आधी त्याच्या छातीवर जाते आणि त्या श्वास मोजायला लागतात. भाजीवालीचे मोजतात. पुतण्याच्या लग्नात अक्षता हातातच राहिल्या आणि बाई व्याह्यांचे श्वास मोजत बसल्या. व्याही बिचारे धडधाकट. रात्री नवऱ्याचे मोजतात, त्यानं कूस बदलली की पुन्हा पहिल्यापासून. सख्खी मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा ‘किती वाजता?’ एवढंच विचारलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. औषध कंपनीचा माणूस टेबलावर सॅम्पलच्या गोळ्या ठेवून जातो, त्याच बाई झोपेसाठी घेतात. स्वतःच सुरू केल्यात, स्वतःच वाढवल्यात. एखाद्या पेशंटनं हा उद्योग केला असता तर बाईंनी त्याला सगळ्या ओपीडीसमोर झाडला असता.

आज पाच वाजता सांगलीला जायचंय, मनोविकारतज्ज्ञाकडे. नवऱ्यानं, अभिनंदननं, ठरवून दिलंय. याआधी दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा बाईंना ऐनवेळी इमर्जन्सी निघाली. आता इमर्जन्सी निघतात, नाही असं नाही. पण आजही ‘आज जमत नाही, क्षमस्व’ असं मोबाइलवर लिहून तयार आहे, आणि अजून तर कुठली इमर्जन्सी आलेलीही नाही. पाठवायचं तेवढं बाकी आहे. मोबाइल उशाशी आहे, अंगठा त्याच्यावरच आहे.

तेवढ्यात माग थांबतात. गावातले सगळे, एकदम.

वीज गेली वाटतं, असं बाईंच्या मनात येतं. पण डोक्यावर पंखा तर फिरतोय. कोरोनात माग असेच गप्प झाले होते, आणि त्या शांततेत अँब्युलन्स गावाच्या कुठल्या टोकाला आहे तेही घरात बसून कळायचं. बाई डोळे उघडतात. पायथ्याशी कुडचे सर बसलेत.

कुडचे सर म्हणजे भूल देणारे डॉक्टर. गावातल्या निम्म्या बायकांना बाळंतपणाच्या ऑपरेशनला त्यांनीच भूल दिलेली. कोरोनात एका मंगल कार्यालयाचं हॉस्पिटल केलं होतं, तिथं बाई आणि सर बरोबरच राबले. कोरोनाला सर पुरून उरले. गेले ते नंतर, साथ ओसरल्यावर, घरी आरामखुर्चीत.

सर चिकटपट्टीचे तुकडे फाडतायत. तुकडा फाडायचा, त्याचं एक टोक किंचित दुमडायचं आणि पलंगाच्या कडेला ओळीनं चिकटवत जायचं. तेव्हाही हेच करायचे. हातात दोन-दोन ग्लोव्हज, घामानं भिजलेले, त्यात पेशंटच्या हातावरच्या पट्टीचं टोक सापडता सापडायचं नाही. नर्स रडकुंडीला यायच्या. सरांच्या पट्टीला मात्र धरायला जागा असायची.

“सर, तुम्ही गेलात की,” बाई म्हणतात.

“गेलोय की. म्हणून तर सवड मिळाली. उठा.”

बाई पाय खाली सोडतात आणि पाय टेकतो तो मंगल कार्यालयाच्या फरशीवर. पंगती बसायच्या तिथं खाटांची रांग आहे. खाटा रिकाम्या, चादरी स्वच्छ ओढलेल्या. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या खुर्च्या आहेत आणि मधे ऑक्सिजनचं सिलिंडर उभं आहे. बाईंना यात काही वावगं वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. सर एका खुर्चीत बसतात आणि दुसरीकडे बोट दाखवतात.

“बसा की.”

“मी उभीच बरी. पेशंट कुठाय?”

सर खुर्चीच्या हातावर थाप मारतात. बाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकतात, कधीही उठून पळता येईल अशा.

“कवळी? सैल दात?” भूल देण्याआधीचे नेहमीचे प्रश्न सर सुरू करतात.

“नाहीत.”

“शेवटचं कधी जेवलात?”

“मघाशी. दोन घास.”

“बांगड्या काढून ठेवा. झोप कशी आहे?”

इथं बाईंचा आवाज बदलतो. पाठ ताठ होते. मोठ्या डॉक्टरांसमोर केस मांडायची सवय हाडात मुरलेली. “पन्नाशी उलटलेली स्त्री. काही वर्षांपासून निद्रानाश. स्वतःहून औषध घेतल्याचा इतिहास. भूक कमी. भावना बोथट झाल्याची कुटुंबीयांची तक्रार...”

“ही कोण बाई?” सर विचारतात.

“कोण म्हणजे?”

“तिला नंतर बघू. मी तुम्हाला विचारतोय.”

बाईंना राग येतो. खरा राग, कानशिलं तापवणारा. “मला काही झालेलं नाही, सर. माणसं गेली ती गेली. आपण करायचं ते केलं. मी रोज कामाला जाते, ओपीडी भरलेली असते, माझं कुठं काही अडलेलं नाही.”

“होय तर,” सर मान डोलावतात, “माझंबी काय अडलं नव्हतं.”

आणि ते कार्यालयाचा मागचा दरवाजा उघडतात. पलीकडे सरांच्या घरचा स्वयंपाकओटा आहे. ओट्यावर पित्ताच्या औषधाची गुलाबी बाटली, टोपण उघडं, शेजारी चमचा. चमच्याला गुलाबी थेंब अजून ओला आहे.

“छातीत जळजळतंय म्हटलं, पित्तच असणार,” सर म्हणतात. “दोन चमचे घेतलं. घाम आला, म्हटलं उन्हाळा आहे. डावा हात दुखला, म्हटलं रात्री त्या कुशीवर झोपलो असेन. सगळ्याला उत्तर होतं माझ्याकडं. बायको म्हणत होती आलासेबाईंना फोन करू या. मी म्हटलं, एवढ्याशासाठी? हसतील मला.”

“मी हसले नसते, सर.”

“आता ठाऊक झालं.”

“मी धावत आले असते,” बाई म्हणतात. “रात्री-अपरात्री आले असते. तुमचं हे... मूर्खपणा आहे सर हा. साध्या माणसालाही कळतं.”

“साध्या माणसाला कळतं,” सर म्हणतात. “त्याच्या हाताशी बाटली नसते ना.”

बाई ओट्यापासून वळतात तर त्या स्वतःच्या दवाखान्यात आहेत. पण बाहेर, बाकावर. एका बाजूला लेकरू मांडीवर घेतलेली एक आई, दुसऱ्या बाजूला धोतर नेसलेले म्हातारबाबा. समोरच्या दारावर त्यांच्याच नावाची पाटी आहे. दार बंद आहे. आत खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, पण कुणी बोलावत नाही.

“डॉक्टर आहेत का आत?” बाई विचारतात.

“असत्यात की,” म्हातारबाबा सांगतात. “पण बघत न्हाईत. सारखं छातीकडंच बघत्यात.” आणि ते सरकून घेतात, बाईंना नीट टेकून बसता यावं म्हणून.

बाई त्यांचे श्वास मोजायला जातात आणि आकडा कुठं गेला ते कळत नाही. बाक आडवा होत जातो. आता त्या पाठीवर झोपल्यात, वर ऑपरेशन थिएटरचा दिवा आहे आणि दिव्याच्या कडेनं सरांचा उलटा चेहरा दिसतोय. हे तोंड त्यांनी आजवर शेकडो वेळा पाहिलंय, पण सुलटं. पेशंटला सर असे दिसायचे तर. नाकातले केस दिसतायत. बाईंना हसू येतं.

“हसा, हसा,” सर म्हणतात आणि बाईंच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला काहीतरी गार टेकवून वर पट्टी लावतात. अंगठ्यानं नीट दाबतात. टोक दुमडलेलं.

“सर, हे कायम दुमडता तुम्ही. लावताना चिमूटभर पट्टी वाया जाते.”

“जाऊ दे की. ते आपल्यासाठी नसतंय बाई, काढणाऱ्यासाठी असतंय. बरं, उठल्यावर काय जेवणार?”

हा सरांचा नेहमीचा प्रश्न. भूल देताना आकडे मोजायला लावणं त्यांना पटायचं नाही. माणसानं जाताना जेवणाचा विचार करत जावं, म्हणजे यायची घाई होते, म्हणायचे. कुणी मटण सांगायचं, कुणी नुसता चहा. एका म्हातारीनं जिलेबी सांगितली होती आणि शुद्धीवर आल्या-आल्या मागितली होती.

बाई आठवून बघतात. काय आवडतं आपल्याला? दोन घास गिळायचे आणि उठायचं, एवढंच आठवतं.

“सांगा की. वेळ आहे मला भरपूर.”

“शेंगांची पोळी,” बाई म्हणतात, आणि आपल्याच आवाजानं दचकतात. “मावशी करायची. संक्रांतीला डबा भरून पाठवायची. कडा जरा करपलेल्या, मला आवडतात म्हणून मुद्दाम.”

“मग मावशीला सांगा करायला.”

“मावशी गेली, सर.”

एवढंच. पण हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. नवऱ्यापुढंसुद्धा नाही. ‘मावशी गेली’ असं त्या पुन्हा एकदा म्हणतात आणि रडायला लागतात. रुमालाआड नाही, तर लहान पोर भोकाड पसरतं तसं, नाकाडोळ्यांतून पाणी. मावशीसाठी रडतात, कार्यालयातल्या खाटांसाठी रडतात, ओट्यावरच्या त्या चमच्यासाठी रडतात. सर थांबवत नाहीत. उलट्या चेहऱ्यानं बघत राहतात आणि मान हलवतात, भूल नीट चढली की हलवायचे तशी.

मग कुठंतरी लांब एक माग सुरू होतो. मग दुसरा. खट-खट, खट-खट, आणि सगळं गाव पुन्हा त्या आवाजानं भरतं.

बाई जाग्या होतात. उशी ओली आहे. खिडकीतलं ऊन पलंगावरून उतरून भिंतीवर गेलंय, म्हणजे खरीखुरी झोप झाली, गोळीशिवाय. मोबाइल गादीत घसरलाय. निरोप अजून तिथंच आहे, न पाठवलेला. बाई तो खोडतात. खोडताना त्यांना डाव्या हाताच्या मागं काहीतरी ताणल्यासारखं वाटतं.

पट्टी आहे. पांढरी, बोटभर लांबीची, नीट दाबून बसवलेली. पर्समध्ये चिकटपट्टीचं रीळ असतं, ते खरं. झोपेत माणूस काय वाटेल ते करतो, तेही खरं. पण बाईंनी उभ्या जन्मात पट्टीचं टोक कधी दुमडलेलं नाही. या पट्टीचं दुमडलेलं आहे.

अभिनंदन चहा घेऊन दारात उभा आहे. बायकोचा सुजलेला चेहरा बघून कप कुठं ठेवावा हेही त्याला सुचत नाही. “आज नको म्हणत असशील तर...” तो सुरुवात करतो. तिसऱ्यांदा ऐकायची त्याची तयारी झालेली आहे.

बाई उठतात आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढतात. कोरोनात त्यांनी नवऱ्याला आपल्या गाडीत बसू दिलं नव्हतं, त्याला लागण होईल म्हणून. पुढं ते तसंच राहून गेलं. ती गाडी एकट्या बाईंची झाली. त्या किल्ली त्याच्यापुढं धरतात.

“तुम्ही चालवा. मी शेजारी बसते.”

तो किल्ली घेतो. घेताना त्याला तो हात दिसतो. “हे काय लागलं? थांब, काढतो.”

“राहू द्या,” बाई म्हणतात आणि पायांत चप्पल सरकवतात. “तिथले डॉक्टर काढतील.”