पिंजाऱ्याच्या सदऱ्याची वाकळ

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर शब्दांची मुळं उकरायचा नाद लागला. एकदा वाचलं की जुन्या जर्मन लोकांचा लुटीसाठी जो शब्द होता, त्यातूनच पुढं अंगातल्या झग्याचा 'रोब' हा इंग्रजी शब्द निघाला. त्यांच्या लेखी लूट म्हणजे हरलेल्याच्या अंगावरून ओढून काढलेले कपडे. हे मला पुस्तकानं सांगायची गरज नव्हती.

निजामाचं राज्य गेलं त्या आठवड्यात मुरूमजवळच्या आमच्या गावात गावकऱ्यांनीच मुसलमानांची घरं लुटली. रझाकारांनी आम्हाला छळलं होतं, हे खरं. पण आमच्या शेजारच्या पिंजाऱ्यानं जन्मभर लोकांच्या गाद्यांचा कापूसच पिंजला होता. त्याला गावाबाहेर मारलं. बायको लेकराला घेऊन माहेरी पळाली. वडिलांनी त्या घरातून कपड्यांचं गाठोडं आणलं. "सगळ्यांनी नेलं, म्या बी आणलं," एवढंच बोलले.

आईनं ते कपडे त्याच दिवशी फाडले आणि तुकडे जोडून वाकळ शिवायला घेतली. एकदा वाकळीत गेलं की कापड कुणाचं ते कळत नाही, असं तिला वाटलं. मी दहा वर्षांची. सुईत दोरा ओवून देत होते.

दिवाळीनंतर पिंजारीण आली. दारातूनच म्हणाली, "वैनी, त्यांचं कायबी उरलं न्हाय. कुणाच्या घरात एखादा सदरा दिसला का? लेकराला दाखवाया पायजे."

"न्हाय भाभी," आई म्हणाली. दारी आलेल्या बाईला भुईवर कसं बसवायचं, म्हणून तिनं सवयीनं हाताला आली ती वाकळ अंथरली. चूक लक्षात येईस्तोवर पिंजारीण बसलीसुद्धा.

बोलता बोलता तिचा हात निळ्या रेघांच्या एका तुकड्यावर थांबला. तिथं तिनंच केलेलं रफू होतं. त्यावरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग सरकून भुईवर बसली.

"वैनी, एवढा तुकडा उसवून द्या. बाकीचं ऱ्हाऊ द्या तुमाला."

"ही माज्या माहेरची वाकळ हाय," आई म्हणाली.

पिंजारीण माझ्याकडं बघू लागली. मी मान खाली घातली. मला आईचा राग आला, पण मी मान वर केली नाही. त्याची लाज आजही वाटते. पिंजारीण उठली आणि गेली.

त्या थंडीत मी तीच वाकळ पांघरली. मला गाढ झोप लागायची.