पहिली गोळी कोणी खायची?

माझ्याकडे गोळ्यांची चार मशीनं होती, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं की माझा कारखाना असावा. मी लगेच खोडून काढत नाही. थोडा वेळ कारखानदारीण म्हणून वावरते, चहा संपत आला की खरं सांगते. लोखंडी खांबावर बसवलेली एक पारदर्शक बरणी, तिच्याखाली एक मूठ. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, आतली भोकांची चकती सरकते आणि एक गोळी खालच्या पत्र्यात टणकन पडते. ओळखीचे एक गृहस्थ मुलाकडे पुण्याला कायमचे निघाले, तेव्हा त्यांनी ही चार मशीनं माझ्या गळ्यात घातली. मी ती मिरवली.

वर्षभरात तीन परत आली. एक सलूनमधून आलं. गोळ्यांत केस दिसतात अशी तक्रार होती. केस नव्हते, पण सलूनमध्ये बसलेल्या माणसाला केस कुठेही दिसतात. दुसरं मी दातांच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तिथे डॉक्टर खूश होते, पेशंटच्या आया नाराज. तिसऱ्याची मूठ मंगल कार्यालयात आलेल्या एका वऱ्हाडानं उपटून नेली, बहुधा आठवण म्हणून. ही तिन्ही आमच्या बैठकीत ओळीनं उभी राहिली. यजमान त्यांच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले.

"चौथं घरी आलं की सगळी एकदमच भंगारात," ते म्हणाले. "टेम्पोवाल्याला सांगून ठेवतो."

चौथं होतं बेसा रोडवरच्या पिठाच्या चक्कीत. आमच्याकडे इमारती कितीही उंच झाल्या तरी लोक गहू घेऊन खाली उतरतातच. लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा, ऑफिसची बॅग आणि गव्हाचा डबा एकत्र प्रवास करतात. चक्कीवाली ताई मूळची उमरेडकडच्या शेतकरी घरातली, माझ्याच वयाची. दिवसभर पिठात उभी राहून तिच्या पापण्या कायम पांढऱ्या असत, त्यामुळे ती रागावली की फार भारदस्त दिसायची. आणि एक दिवस मी गोळ्या भरायला गेले तेव्हा ती रागावलेलीच होती.

"वहिनी, तुमच्या गोळ्या कोणी घेऊन नाही राहिलं," ती म्हणाली. "होळी झाली का शेवयाचं मशीन बसवतो मी. मले तो कोना लागते."

"घेत का नाहीत पण?"

"लोकाईले वाटते जुन्या आहे."

जुन्या? इतवारीच्या घाऊक दुकानातून मी स्वतः आणायची त्या गोळ्या. संत्र्याच्या फोडीसारख्या, वर साखरेचा थर. पण चक्कीत उडणारं पीठ बरणीवर बसायचं आणि ताजी गोळीसुद्धा आजारातून उठल्यासारखी दिसायची. मी रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं बरणी पुसायला लागले. फरक पडला नाही. मग मी ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: भरल्याची तारीख. दर आठवड्याला बरणी रिकामी करायची, चकती गरम पाण्यात धुवायची, नवा माल, नवी तारीख. उरलेल्या गोळ्या यजमान खायचे आणि वर मलाच ऐकवायचे.

चिठ्ठी लावली त्याच दिवशी एक आजोबा नातीला घेऊन आले. झुपकेदार मिशा, हातात गव्हाची पिशवी. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली.

"आज भरल्या होय?"

"आजच, काका. सकाळी."

"मग काल कुठं होत्या?"

याला काय उत्तर द्यायचं? काल त्या इतवारीत होत्या. परवा कारखान्यात. त्याआधी साखर होत्या. मी हे सगळं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नातीला घेऊन निघून गेले.

मग मी बरणी रोज काठोकाठ भरायला लागले. बघूनच तोंडाला पाणी सुटावं अशी. चार दिवसांनी पीठ घ्यायला आलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "पाय वं, जशीच्या तशी भरेल आहे. कोणी हातच नाही लावत." म्हणजे भरलेली बरणी ही माझ्या मालाची जाहिरात नव्हती, बदनामी होती.

उत्तर सापडलं ते मी स्वतः गहू घेऊन रांगेत उभी राहिले तेव्हा. पुढे एक बाई होती, मागे एक बाई होती, आणि दोघींनाही आधी जायचं नव्हतं.

"आधी काय दळलं, ताई?" पुढची म्हणाली.

"ज्वारी."

"मग त्या मागच्या बाईचं टाका. माझं मागून."

"माझं काहून?" मागची म्हणाली. "आधीच्या ज्वारीचं पीठ माझ्या डब्यात येईन ना."

मी हे हजारदा ऐकलं होतं, मीही हजारदा बोलले होते. चक्कीच्या पोटात आधीच्या माणसाचं थोडं पीठ राहतं आणि ते नंतरच्याच्या डब्यात येतं, म्हणून पहिला नंबर कोणालाच नको असतो. शेवटी ताई वैतागून मूठभर गहू टाकते, ते पीठ बाजूला काढते, म्हणते, "निघालं आधीचं," आणि मग रांग हलते.

तेवढ्यात एक लहान मुलगी माझ्या मशीनच्या मुठीला लोंबकळली आणि तिच्या आईनं तिला मागे ओढलं. "थांब. आधी कोणी घेऊ दे. पहिली जुनी राहते, अडकलेली."

मला इतका आनंद झाला की मी माझा दुसरा नंबर मागच्या बाईला देऊन टाकला. तारखेचा प्रश्नच नव्हता. माझ्या बरणीला लोक चक्की समजत होते. सगळेजण दुसरी गोळी घ्यायला तयार होते, फक्त पहिली कोणीतरी घेऊन टाकायची वाट बघत होते.

आता, आमच्या कॉलनीच्या गणपतीत मी वर्षानुवर्षं नाटकं केली आहेत. माझं मरण बघून पहिल्या रांगेतल्या बायका रडल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, चक्कीत गर्दी असताना, मी गेले. नाणं वर धरून सगळ्यांना दाखवलं. टाकलं. मूठ फिरवली. गोळी टणकन पडली. ती तोंडात घातली, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, थोडी थांबले. कुणीतरी जातं थांबवलं असावं, कारण एकदम शांत झालं.

"निघालं आधीचं," मी म्हटलं.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आधीचं निघालंच होतं, आणि ते नंतरच्याइतकंच ताजं होतं. पण ते सांगायला मला कोणी विचारलं नाही, कारण तोवर मुलं मशीनला चिकटली होती.

मग रोज तेच. मी यायची, खायची, जाहीर करायची, गोळ्या खपायच्या. बरणी खाली जायला लागली तशी लोकांची खात्री वाढली, की माल उठतो आहे. चक्कीवाली ताई मात्र हसत नव्हती.

"तुम्ही आल्या का चालते, गेल्या का बंद," ती म्हणाली. "मी काय तुम्हालेही कोन्यात उभं करू? उद्या तुम्ही येऊ नका. तुमच्या बिगर चाललं, तर राहू देतो. नाही चाललं, तर घेऊन जा."

सौदा सरळ होता. मी मान्य केलं. न येण्याचं वचन मी पाळणार होते, पण न बघण्याचं वचन मी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आत मी चक्कीत दळणाऱ्या पोराकडून मागचं दार उघडून घेतलं आणि गव्हाच्या पोत्यांमागे जाऊन बसले.

गर्दी झाली. मुलं आली. मशीनभोवती उभी राहिली. कोणी मूठ फिरवेना. एक आई म्हणाली, "त्या बाई येऊ दे." दुसरी म्हणाली, "आज उशीर झाला वाटते." माझ्या नाकात पीठ गेलं होतं आणि शिंक वरपर्यंत येऊन थांबली होती. मी पदर तोंडात कोंबला. डोळ्यांसमोर टेम्पो दिसायला लागला.

मग मिशीवाले आजोबा आले, नातीसह.

"बाई नाही आल्या?"

"नाही आल्या," ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला शेवयांचं मशीन ऐकू आलं.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. नाणं वर धरलं, अगदी माझ्यासारखं. मूठ फिरवली. गोळी तोंडात घातली, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. माझ्यापेक्षा जास्त थांबले. हे मला जरा लागलं.

"निघालं गा आधीचं," ते म्हणाले.

मुलं तुटून पडली. नाण्यांचा आणि गोळ्यांचा असा आवाज सुरू झाला की माझी शिंक त्यात खपून जाईल असं वाटलं. खपली नाही. पोत्यामागून मी पिठाचा ढग उडवत बाहेर आले तेव्हा एक मूल रडायला लागलं.

चक्कीवाल्या ताईनं मला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं. आता माझ्याही पापण्या तिच्यासारख्या झाल्या होत्या.

"म्हणजे आल्याच तुम्ही."

"आले, पण दिसले नाही."

आजोबांकडे वळून मी हात जोडले. "काका, तुम्हाला तर माझ्या गोळ्या जुन्या वाटायच्या."

त्यांनी नात लांब असल्याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "बाई, मले का कळत नाही का, पहिली न् दुसरी सारखीच राहते? पण घरी गोड बंद केलं माझं. पोरीसाठी आधीचं काढून टाकलं म्हटलं का सूनबाई काही म्हणत नाही." मग नेहमीच्या आवाजात, "ही जुनीच होती थोडी. उद्या अजून पाहा लागेन."

मशीन राहिलं. यजमानांनी टेम्पोवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि टॉवेल मात्र बैठकीतल्या तिन्ही मशीनांवर वाळत राहिले. होळीनंतर शेवयाचं मशीनही आलं. ताईनं ते माझ्या मशीनला खेटून बसवलं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर बायका रवा-मैद्याचे डबे घेऊन उभ्या राहिल्या. कोणी पुढे होईना.

ताईनं मला निरोप धाडला. मी गेले तर तिनं माझ्या हातात वाटी दिली.

"पहिल्या शेवया तुमच्या," ती म्हणाली. "कोना फुकट नाही दिला मी."

मी कच्ची शेवई तोंडात घातली, डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. बाजूला आजोबा उभे होते. त्यांनीही आपली वाटी पुढे केली.