बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

मास्तरांना गावातले सगळे संडास पाठ होते. कोणत्या बँकेचा शिपाई आत सोडतो, कोणत्या हॉटेलात आधी चहा मागवावा लागतो, वाचनालयाच्या मागच्या दाराची कडी कशी उचलायची, सगळं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "मोठ्या आतड्याला सूज आहे. ही कायमची जात नाही, पण झोपवून ठेवता येते." तेव्हापासून ती कधी झोपायची, कधी उठायची. ती उठली की मास्तरही उठायचे. कात्री कापडात तशीच राहायची. गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप लोंबत राहायची. "मास्तर कुठेत?" असं कुणी विचारलं, तर काजं करणारी त्यांची बायको मान वर न करता सांगायची, "कामाला गेलेत."

माणूस कुरकुर करणारा नव्हता. दुकान दहा बाय बारा. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, खिडकीतून दिवसभर सारखा येणारा उजेड. एवढ्यात त्यांचं छान भागायचं. "पोटासाठी बसतो आणि पोटासाठीच उठतो," असं म्हणून स्वतःच हसायचे.

एकच गोष्ट डाचत होती. मुलगी दुसऱ्या शहरात होती, बसने साडेपाच तास. बापाचंच काम शिकलेली. आता स्वतःचं दुकान उघडणार होती आणि पहिलं कापड बाबांनीच कापायचं, हा तिचा हट्ट. मास्तर याआधी दोनदा तिच्याकडे निघाले होते. दोन्ही वेळा स्टँडवरून परत आले. दुसऱ्या वेळी तर बायको बसमध्ये खिडकीशी बसली होती. मास्तर संडासातून बाहेर आले तेव्हा बसचे मागचे दिवे दिसले. बायको पुढच्या चौकात उतरली आणि पिशवी घेऊन चालत परत आली. ते मास्तरांना जास्त लागलं.

"अजून तीन महिने आहेत," मुलगी फोनवर म्हणाली. "तोवर पोटाची समजूत घाला."

ही बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. बँकेतल्या कॅशियरने पाचक एन्झाइमच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. "पहिल्या घासाबरोबर एक घ्यायची. आमच्या व्याह्यांना दगड पचायला लागले." मेव्हण्याने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. शेजारच्या चष्मेवाल्याने हळदीच्या अर्काच्या दिल्या. मास्तरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी कुणा गिऱ्हाइकाच्या पोटाला नावं ठेवली नव्हती, सल्ल्याला काय ठेवणार?

बाटल्यांची दाबून फिरवायची झाकणं मात्र त्यांना सोसेनात. त्यांनी सगळ्या गोळ्या बटणांच्या रिकाम्या डब्यात ओतल्या. वीस घरांचा लाकडी डबा. बटणांवर कुठे नाव असतं? रंग आणि माप, बास. डॉक्टरीणबाईंची विटकरी गोळी झाली कोटाचं बटण. एन्झाइमची पांढरी गोल गोळी झाली शर्टाचं. तेलाची कॅप्सूल फॅन्सी. दिवसभराच्या गोळ्या ते सकाळीच कोपऱ्यातल्या घरात काढून ठेवायचे. बायकोनेही हाडांसाठीच्या आपल्या गोळ्या त्यातल्याच एका घरात ठेवल्या.

दीड महिन्यात फरक दिसला. दिवसाला सहा वेळा जाणारे मास्तर दोनदा जाऊ लागले. एका सकाळी त्यांनी एक अख्खा कोट मध्ये न उठता कापला. कापून झाल्यावर टेबलाशी तसेच उभे राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. काहीच झालं नाही."

श्रेय शर्टाच्या बटणाला गेलं. कॅशियर तर पँट आखूड करायला यायचा आणि तासभर बसायचा. "मी म्हटलं नव्हतं, मास्तर?" मास्तरांनी मनाशी ठरवलं, आता कोटाचं बटण कशाला? अकरा वर्षं तेच खातोय, त्याने काय दिवे लावले? प्रवासाला फक्त पांढऱ्या न्यायच्या. पण सोडण्याआधी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालावं, एवढी रीत त्यांनी पाळली. बायको बरोबर होती. डबा तिच्या मांडीवर होता.

डॉक्टरीणबाईंनी शौचाच्या तपासणीचा कागद वाचला. "सूज खरंच उतरली आहे. काय काय घेताय, दाखवा."

त्यांनी पेनच्या टोकाने गोळ्या उलट्यासुलट्या केल्या. पांढऱ्या घरापाशी थांबल्या. चष्मा वर केला.

"मास्तर, यातल्या निम्म्या कॅल्शियमच्या आहेत."

बायकोने डब्यात डोकावून बघितलं. मग बायको म्हणाली, "एकच रंग, एकच माप. दोन घरं कशाला अडवायची? मीच एकत्र केल्या."

"कधी?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्याच रविवारी."

तीस वर्षं ती सांडलेली बटणं अशीच निवडत आली होती. तिचा हात चुकला नव्हता. बटणंच चुकीची होती.

"म्हणजे मी तुझी हाडं खात होतो?" मास्तर म्हणाले.

"आणि मी तुमचं पाचक. तरीच मेली सारखी भूक लागायची."

डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या. मग खुर्ची पुढे घेऊन बसल्या. "ज्यांचं स्वादुपिंड कामचुकार असतं, त्यांना एन्झाइम लागतात. तुमचं मी तपासलंय, ते नीट काम करतं. कॅल्शियमने पोट थोडं घट्ट होतं, तेवढं श्रेय बाईंना द्या. पण सूज उतरवली ती या विटकरीने. आधी किती चुकायच्या?"

मास्तरांनी खाली बघितलं. "बरं वाटलं की सोडायचो."

"आणि डबा आल्यापासून?"

"एकही नाही. संध्याकाळी कोपऱ्यातल्या घरात बटण उरलं की बरं दिसत नाही."

"मग ही सोडायची नाही. बाकीच्या सगळ्या बंद. पुढे काही घ्यावंसं वाटलं, तर एका वेळी एकच, आणि मला विचारून. तुम्ही एकाच ट्रायलला खांदा, बाही आणि कंबर तिन्ही बदलता का?"

"छे. मग कळणार कसं, कुठे चुकलं ते?"

"हेच म्हणते मी."

परतताना डबा मास्तरांच्या काखेत होता. पटलं होतं सगळं. पण धीर त्या पांढऱ्या गोळीला टाचलेला होता. आता ती नुसती गोळी झाली होती. "प्रवासाचं काय करू?" त्यांनी रस्त्यातच विचारलं.

"करायचा," बायको म्हणाली. "पोट तेच आहे, जे काल बरं होतं."

कॅशियरला त्यांनी खरं सांगितलं नाही. बिचाऱ्याच्या जिवाला लागलं असतं. "बाटली संपली," एवढंच म्हणाले.

ठरल्या दिवशी ते स्टँडवर तासभर आधी पोचले. बस लागली. मास्तर दाराजवळच्या सीटवर बसले. चालकाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मला पोटाचा त्रास आहे, हात केला तर थांबवाल?" चालकाने मान डोलावली. "माझ्या बापालाही होता. बसा निवांत." अकरा वर्षांत हे कुणाला असं सरळ सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. ते सगळं लपूनछपून करत आले होते. अर्ध्या वाटेवर बस चहापाण्याला थांबली तेव्हा मास्तर उतरले. त्यांच्याबरोबर बाकीचे तेवीस जणही उतरले.

मुलीचं दुकान लहान होतं. नवा रंग अजून वास मारत होता. टेबलावर करड्या लोकरीचं कापड पसरलेलं. मास्तरांनी पोत बघितला, उजेड बघितला आणि सवयीने दारं मोजली.

"पडद्यामागे आहे," मुलगी म्हणाली. "चार गाळे बघितले, बाबा. भाडं नंतर विचारलं. आधी संडास कुठे, ते विचारलं. मालकाला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. ती खडूला टोक काढत होती. तिने खडू पुढे केला.

"पाठ आधी की पुढा?" त्यांनी विचारलं.

"पाठ. तुम्हीच शिकवलंय ना?"

त्यांनी कापडावर टेप लावली आणि पहिली रेघ ओढली. बायको खुर्ची ओढून पडद्याला पाठ करून बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. पाठ कापून झाली, मग पुढा. दुपारी मास्तर एकदा पडद्यामागे जाऊन आले, हात धुतले आणि बाही घेतली.