राजाला सांगायला कोण गेलं?

वनिताताईंच्या शेजारी बसून कुठल्याही छताखाली निवांत जेवता येत नसे. सिंगापुरातल्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या मंडपात, ताट समोर आलं, की त्यांची नजर आधी वर जायची, मग खांबावरून उतरत उतरत फरशीपर्यंत यायची. मी म्हणायचे, "ताई, नूडल्स गार होताहेत." त्या म्हणायच्या, "होऊ देत. तो वरचा ओला डाग कालच्या पावसाचा नाही, जुना आहे." एकदा त्यांनी आम्हाला टेबल बदलायला लावलं. शेजारच्या टेबलावरचं चिनी कुटुंब काही न विचारता आपापले वाडगे घेऊन आमच्या मागोमाग उठलं.

त्या स्ट्रक्चरल इंजिनिअर. मूळच्या नागपूरच्या, पण त्यांची उमेदीची वर्षं सिंगापुरातच गेली होती. यिशुनमधल्या त्यांच्या फ्लॅटची एक खोली मी भाड्याने घेतली होती. मीही त्यांच्याच बांधकाम कंपनीत नवी इंजिनिअर होते, त्यामुळे घरी ताई आणि साइटवरही ताईच.

मराठी मुलांमध्ये मात्र त्यांचं नाव पिरॅमिडताई. सकाळी वंदना झाली, बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती विझली, की रविवारी ही मुलं त्यांच्या हॉलमध्ये जमत. ताई त्यांना जुन्या संस्कृतींच्या गोष्टी सांगत. राजांच्या लढाया त्यात नसायच्याच. सुमेरमधल्या कुणी ओल्या विटा वाळत घातल्या आणि एक कुत्रं त्यांवरून चालत गेलं, त्याच्या पंजाचा ठसा अजून आहे, असल्या गोष्टी. कुठल्याही भव्य वास्तूचा फोटो दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बांधणारी माणसं पाणी कुठून आणत होती?" लेणी पाहायला जाणारे मूर्ती पाहतात, ताई आधी पाण्याची टाकी शोधत. म्हणत, "ध्यानाला बसणाऱ्यालाही तहान लागतेच."

एका रविवारी ईशान नावाचा एक मुलगा इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "आँटी, पिरॅमिड तर स्लेव्ह्जनी बांधले, लाह."

"कोणी सांगितलं? त्यांच्या वस्तीत भट्ट्या सापडल्यात भाकरीच्या. मोडलेली हाडं सापडलीत, नीट बसवून जुळलेली. म्हणजे कोणीतरी त्यांची काळजी घेत होतं." मग त्यांनी एक फोटो दाखवला. खाली उभट आणि अर्ध्यातून एकदम उतरता झालेला, वाकल्यासारखा पिरॅमिड. "आत तडे जायला लागले, म्हणून बांधतानाच उतार बदलला, असं अभ्यासक म्हणतात. आता मला सांगा, तडे आधी कोणाला दिसले असतील? आणि राजाला सांगायला कोण गेलं असेल? त्याला देव मानत होते ना? देवाला जाऊन सांगायचं, तुमचं स्वर्गात जायचं घर पडेल."

"मग राजाने त्याला मारलं?" ईशानने विचारलं.

"माहीत नाही. पण ऐकलं, एवढं दिसतंय."

त्या काळात आमच्या कंपनीकडे सेरंगूनजवळच्या एका प्रार्थनामंदिराचं काम होतं. मोठा सभामंडप, मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे छताचा स्लॅब ओतून घट्ट होईपर्यंत खाली उंचच उंच लोखंडी टेकूंचं रान उभं होतं. प्रतिष्ठापनेचा मुहूर्त ठरलेला, परदेशातून धर्मगुरू यायचे होते. काम मागे पडलं होतं आणि आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मिस्टर ओंग रोज सकाळी भेटले की नमस्काराऐवजी ती तारीखच सांगत.

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी धुवाधार पाऊस झाला. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा काँक्रीटचे ट्रक फाटकाबाहेर रांगेत गरगरत उभे होते. परवानगीवर ताईंची सही व्हायची होती. "आधी टेकूंचे पाय बघते," म्हणून त्या निघाल्या, तोवर वर एका कोपऱ्यात पंप सुरूही झाला होता. सही होईलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

गटाराच्या बाजूच्या टेकूंखालच्या फळ्यांभोवती मातीचं गढूळ पाणी होतं. ताई खाली बसल्या. आमच्या डोळ्यांदेखत एका फळीच्या कडेने एक बुडबुडा वर आला. मग आणखी एक. फळीखालची माती दबत होती. ताई ताडकन उठल्या.

"पंप थांबवा. सगळ्यांना खाली उतरवा."

मिस्टर ओंग धावत आले. "जमीन इथे नेहमीच ओली असते. आत्ता थांबलो तर ट्रकमधला माल वाया जाईल."

"जाऊ दे."

"वनिता," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या वर्क पासचं रिन्यूअल याच महिन्यात आहे ना?"

ताई मान वर करून हिंदीत ओरडल्या, "सब नीचे आओ! अभी!" वरची माणसं घुटमळली. सुपरवायझर थांबा म्हणत होता, ताई उतरा म्हणत होत्या. आधी एक उतरला, मग बाकीचे शिडीकडे आले. आणि तेवढ्यात वरून कुठूनतरी लोखंड कर्रकन वाजलं.

"आत कोण आहे?" ताईंनी विचारलं.

सेल्वम नावाचा तमिळ कामगार आणि त्याचा जोडीदार टेकूंच्या पाचरी ठोकायला आत गेले होते. पंपाच्या आवाजात हाका पोचत नव्हत्या. पंपवाला बंद करायला धावला, पण ताई थांबल्याच नाहीत. मी त्यांची बाही धरली. त्यांनी ती सोडवली आणि टेकूंच्या रानात शिरल्या, हळू, कशालाही धक्का न लावता. पिवळं हेल्मेट दोन-तीन वेळा दिसलं, मग दिसेनासं झालं. शिडीवरून उतरलेली माणसं फाटकापाशी गोळा झाली होती.

मग त्या बाहेर आल्या. पुढे ते दोघे, मागे ताई, त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

काहीच कोसळलं नाही. तासाभराने मिस्टर ओंग म्हणाले, "बघ, काही झालं नाही." ट्रक परत गेले. त्या बाजूची माती उकरून खाली पक्का भराव घातला गेला, टेकू वाढवले, आणि दुसऱ्या इंजिनिअरच्या सहीने पुढच्या आठवड्यात काम झालं. मंडप आज दिमाखात उभा आहे. कंपनीने ताईंचा वर्क पास मात्र पुढे वाढवला नाही, म्हणजे त्यांना देश सोडणं भाग होतं. कारण कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

ते कळलं त्या संध्याकाळी ताईंनी पिठलं करायला घेतलं आणि करपवलं. पातेलं घासता घासता अचानक म्हणाल्या, "खरं सांग. होते तसे ठेवले असते तर ते टेकू टिकले असते का?"

"माहीत नाही, ताई."

"मलाही नाही. आता कधी कळणारही नाही." त्यांनी पातेलं नळाखाली धरलं. मग म्हणाल्या, "कळायचा एकच मार्ग होता, आणि तो नको होता."

चांगी विमानतळावर निरोपाला मी गेले, आणि पाहते तो सेल्वम इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन थांबलेला. त्याने फोनवर गावाकडच्या आईला व्हिडिओवर बोलावलं आणि फोन ताईंच्या हातात दिला. म्हातारी तमिळमध्ये बोलायला लागली, ताई मराठीत. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं. सेल्वमने मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला, तर दोघींनीही त्याला हाताने गप्प केलं.

ताई आता नागपुरात असतात. आता सही करणारी मी आहे. मागे एकदा एका साइटवर मी पंप थांबवला, सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि 'परत सुरू करा' म्हणता म्हणता मी राहिले. घरी येऊन ताईंना फोन लावला.

"त्या दिवशी आत जाताना तुम्हाला भीती नव्हती वाटली?"

"अगं, पाय इतके लटपटत होते की विचारू नकोस," ताई हसल्या. "म्हणून तर चालत राहिले. उभी राहिले असते तर तिथेच बसले असते."