उपसता वार आणि वस्तादांचा डावा हात

“हा माणूस वार करतोय कुठे? हा तर दुकानात गिऱ्हाइकाला तलवार दाखवतोय!” असं म्हणून साहेबांनी माझा फोटो टेबलावर पालथा घातला.

हा सहावा फोटो होता. आधीचे पाचही असेच पालथे पडले होते.

तेव्हा बडोद्यात महाराजांचं राज्य होतं आणि रावपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. शाळांतल्या मुलांसाठी व्यायामाचं एक सचित्र पुस्तक निघायचं होतं. साहेब त्या पुस्तकाचे प्रमुख, आणि फोटोंचं काम माझ्याकडे. दंड झाले, जोर झाले, लाठी झाली. अडलं ते एकाच पानावर.

त्या पानाचं नाव ‘उपसता वार’. म्हणजे तलवार आधी काढायची, मग उचलायची, मग मारायची, असं नाही. म्यानातून निघता निघताच ती समोरच्याला लागते. काढणं आणि मारणं एकच. सगळ्या बडोद्यात हे एकट्या मानाजी वस्तादांना येत होतं. वाडवडील सरकारच्या फौजेत होते, तेव्हापासून हा वार त्यांच्या घरात. वय सत्तरीच्या पुढे, पण पाठ ताठ.

“तीन दिवस देतो,” साहेब म्हणाले. “परीक्षा सोपी आहे. आपले छोटुभाई ड्रिलमास्तर फक्त फोटो बघून तो वार करतील. जमला तर पान राहील. नाहीतर तिथे मुद्गलाचे हात घालू.”

कोपऱ्यात बसलेले छोटुभाई दचकले. “मी? साहेब, मारा हाथमां तो चॉक शोभे!”

“म्हणूनच तुम्ही.”

मी घरी आलो तो डोकं भणभणत. जेवणात लक्ष लागेना. बायको म्हणाली, “पानातल्या भाताशी कुस्ती खेळताय का?” मी तिच्यावर खेकसलो. माझं नाक कापलं जाणार होतं ते वेगळंच. पण वस्तादांचा एकुलता मुलगा कधीच वारला होता, शिष्य पांगले होते. हे पान गेलं की तो वार त्यांच्याबरोबरच जाणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

अडचण काय होती ते सांगतो. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघे. प्लेटला उजेड प्यायला वेळ लागे. वस्ताद आपल्या वेगाने वार करत, तेव्हा प्लेटवर माणूस दिसे, पागोटं दिसे, आणि हाताच्या जागी नुसतं धुकं. सावकाश करा म्हटलं की हात थरथरे.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती काढली. त्यांच्या अंगणात पडवीच्या तुळईला काळा दोरा बांधला आणि तलवारीची मूठ त्याला टांगली. तलवार अर्धी बाहेर आली की वस्तादांनी थांबायचं, दोरा भार घेणार. मागे काळा पडदा लावला, त्याच्यापुढे दोरा दिसत नाही. ऊन सरकत होतं, मी कॅमेरा आणि पडदा यांच्यामध्ये येरझारा घालत होतो. वस्ताद ओरडले, “अहो, एका जागी उभे राहा! मला चक्कर येते.”

प्लेट धुतली. पातं लख्ख आलं होतं, बोटांची पेरंसुद्धा मोजता येतील असं. मी हुरळून छोटुभाईंना बोलावलं. त्यांनी लाकडी तलवार कमरेला लावली, फोटो दहा वेळा पाहिला आणि हिसका दिला. तलवार म्यानात अर्ध्यावर अडकली. दुसऱ्या हिसक्याला धोतराचा काष्टा सुटला.

“फोटोमां तो बराबर छे,” ते काष्टा खोचत म्हणाले, “पण निघतच नाही, भाई.”

ती रात्र मी कशीबशी काढली. सकाळी सगळ्या प्लेटा खिडकीशी ओळीने लावल्या आणि भिंग घेऊन बसलो. उजवा हात पाहून पाहून डोळे शिणले. मग सहज डावा हात शोधला. एकाही प्लेटवर तो नव्हता. कुठे उपरण्याखाली, कुठे कमरेमागे. सात प्लेटा, सात दिवस, आणि वस्तादांचा डावा हात एकदाही दिसला नव्हता.

तसाच उठून त्यांच्याकडे गेलो.

“वस्ताद, डावा हात काय करतो?”

ते तलवारीला तेल लावत होते. हात थांबला.

“म्यान धरतो. दुसरं काय करणार?”

“मग लपवता का?”

“मी लपवतो?” ते चिडले. मी प्लेटा पुढे केल्या. एकेक उजेडात धरून त्यांनी पाहिली. राग कुठल्या कुठे गेला.

“वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हे तुम्ही ऐकलंय ना?” ते म्हणाले. “आमचा राखलेला डाव म्हणजे हा डावा हात. त्या बाजूला आम्ही कुणाला उभं राहू देत नाही. मी मुद्दाम नाही केलं हो. अंगालाच सवय.”

“मुलाला तरी दाखवला होता?”

“दसऱ्याला दाखवणार होतो. त्याच्या आधी प्लेग आला.” त्यांनी तेलाची चिंधी घडी केली, पुन्हा उलगडली. “सगळं शिकवलं त्याला. हे तेवढं राहिलं. स्वतःच्या पोरापासून राखलं मी.”

मी आपला कॅमेरा उचलला आणि त्यांच्या डाव्या अंगाला, थोडा मागे नेऊन लावला. मी तिपाई रोवताच ते नकळत वळले आणि पुन्हा डावी बाजू झाकली. मी कॅमेरा फिरवला. ते परत वळले. तिसऱ्या खेपेला स्वतःच हसले, उपरणं काढून खुंटीला टाकलं आणि डावी बाही कोपरापर्यंत सारली.

“घ्या. बघा काय बघायचं ते.”

तेव्हा कळलं. उजवा हात तलवार ओढतो त्याच वेळी डावा अंगठा म्यान बाहेरच्या अंगाला वळवतो आणि सगळा हात ते मागे खेचतो. तलवार जितकी पुढे जाते तितकंच म्यान मागे. म्हणून पातं बाहेर येतं तेच धार समोर करून. अर्धा वार डाव्या हाताचा होता आणि आठवडाभर मी उजव्याच्या मागे लागलो होतो.

दोऱ्याच्या आधाराने चार टप्प्यांचे चार फोटो घेतले. संध्याकाळी साहेबांसमोर परीक्षा. वस्ताद म्हणाले, “समोर मी उभा राहतो.”

छोटुभाईंनी चारही फोटो पाहिले. ओठ हलवत डावा अंगठा दोनदा वळवून पाहिला. सुर्रकन लाकडी तलवार निघाली आणि वस्तादांच्या बरगडीवर टप्पकन बसली.

“माफ करजो, वस्ताद! लागलं?”

वस्तादांनी तलवार तिथेच धरून ठेवली. डोळे भरले होते. “लागलं,” म्हणाले. “बरोबर लागलं.”

साहेब इतकंच म्हणाले, “पान राहू द्या.”

दसऱ्याला मी सोनं द्यायला वस्तादांकडे गेलो. पाटावर शस्त्रं मांडली होती. तलवारीशेजारी मुलाची लहानपणची लाकडी तलवार होती आणि तिला टेकवून ते चार फोटो, ओळीने.

“उशीर झाला,” वस्ताद माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवत म्हणाले, “पण दाखवला.”

पुढे अनेक वर्षं मी हा धंदा केला. त्या आठवड्यात मी सात प्लेटा नासवल्या, लेन्स तीनदा पुसली, बायकोवर खेकसलो आणि उन्हालाही शिव्या घातल्या. माणसाला एक प्रश्न विचारायचं मात्र शेवटच्या दिवशी सुचलं.